धक्क्यावरचा दिवा

कवीला दिव्यावर बोलायला सांगितलं की तो हटकून पतंगाकडे वळतो. मी आज वायरिंगच्या अंदाजपत्रकाकडे वळणार आहे.

दाभोळच्या खाडीकाठी माझ्या थोरल्या बहिणीचं घर आहे. परसाखाली जुना दगडी धक्का. भाच्याने होडी घेतली. धक्क्यावर दोन दिवे हवेत, बॅटरी चार्ज करायला आणि पंपासाठी प्लग हवा, म्हणाला. आपाने काम माझ्यावर सोपवलं. "तू बी. ए. झालास ना? मग कागद तूच वाच."

कागद दोन आले. एका वायरमनने 14 हजार सांगितले, दुसऱ्याने 41 हजार. मी साहजिकच पहिल्याच्या बाजूचा. दुसऱ्याला म्हटलं, "दोन दिव्यांना एवढे पैसे?"

"चाचा, दिव्यांचे नाहीत. अंतराचे आणि पाण्याचे आहेत."

केबल ज्या वाटेने जाणार त्या वाटेने त्याने टेप धरला. मीटरपासून धक्क्याच्या टोकापर्यंत 60 मीटर भरले. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून 10 अँपिअर ओढले, तर जाऊन-येऊन साडेचौदा व्होल्ट वाटेतच खर्च होतात. चारच्या केबलमध्ये साडेपाच. म्हणून जाड, चिलखती केबल, तीही जमिनीखालून. सर्वांत मोठा खर्च तिचाच. मग त्याने उधाणाच्या भरतीची रेघ पाहिली आणि पाणी न शिरणारी पेटी तिच्या बरीच वर धरली. खारा वारा लोखंड खातो, म्हणून धक्क्यावरचे पाइप पीव्हीसीचे.

त्याच्या कागदावरची एक ओळ पहिल्या कागदावर नव्हतीच. '30 मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी.', म्हणजे गळती पकडणारा ब्रेकर. मी म्हटलं, "एम.सी.बी. आहे की!"

"एम.सी.बी. तार वाचवतो, चाचा. माणूस नाही."

खरंच आहे. 16 अँपिअरच्या एम.सी.बी.ला एक दशांश अँपिअरची गळती जाणवतही नाही; माणसाचं हृदय बंद पाडायला तेवढी पुरते. हा दुसरा ब्रेकर गेलेला आणि परतलेला प्रवाह ताडून पाहतो. फरक 30 मिलिअँपिअरवर जाण्याआधीच वीज तोडतो.

पुढची गोष्ट ऐकून मी गप्प झालो. खारं पाणी अंगापेक्षा चांगलं वाहक. त्यात बराचसा प्रवाह माणसाला वळसा घालून जातो. गोड्या पाण्यात मात्र त्याला माणसाचं अंगच सोपं पडतं. स्नायू आखडतात, हाकही मारता येत नाही, आणि काठावरच्यांना वाटतं, दम लागून बुडाला. पावसाळ्यात आपल्या खाडीत नदीचं गोडं पाणी उतरतं आणि आपाची नातवंडं याच धक्क्यावरून उड्या मारतात.

दोन्ही कागद पुन्हा शेजारी ठेवले. पहिला वायरमन लबाड नव्हता. धक्क्यावरून पाण्यात कोण उतरतं, हे त्याने विचारलं नव्हतं आणि आम्ही सांगितलं नव्हतं. तुमच्याकडे तळं असो, विहिरीवरचा पंप असो, अंदाजपत्रक मागताना हे आधी सांगा. काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

काम 41 हजारांतच झालं. ब्रेकर घराच्या पडवीत बसवला, म्हणजे पुढची सगळी केबल त्याच्या पहाऱ्यात. महिन्याच्या पहिल्या तारखेला नात त्याचं 'टेस्ट' बटण दाबते. तरीही आपाचा एक नियम आहे : पोरं पाण्यात उतरण्याआधी धक्क्याचा मेन स्विच बंद. तो ती स्वतःच्या हाताने करते.