व्यसनमुक्तीची बैठक : एक अनुभव

(पालक मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय कळल्यावर एका वडीलधाऱ्या सभासदांनी मला बाजूला घेऊन विचारले, "मास्तर, आपल्या समाजात हा प्रश्न आहे कुठे?" शराब हराम आहे हे आपल्या घरातले सात वर्षांचे मूलही जाणते. पण म्हणूनच आपल्याकडे पिणारा अधिक लपतो आणि त्याचे घर त्याहून अधिक लपते. हे लपणे मी घरात पाहिले आहे.

मला चार मामू आहेत. त्यांपैकी एकांची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगतो. कोणते, ते कृपा करून शोधू नये. ते एका कारखान्यात नोकरीला. महिन्यातून दोनतीनदा मुमानी सकाळीच येत आणि म्हणत, "बेटा, तुझे अक्षर चांगले आहे, एक अर्ज लिहून दे." मी लिहीत असे : ताप, अंगदुखी, कधी गावाकडची मयत. एका काल्पनिक चुलत्याला तर मी दोनदा दफन केले. वर्गात खोटी चिठ्ठी आणणाऱ्या मुलाला उभे करणारा मी, सहा वर्षे हा उद्योग करीत होतो.

पुढे एकदा रागाच्या भरात आम्ही मामूंना खोलीत कोंडले आणि दारू एकदम बंद केली. दुसऱ्याच दिवशी हात थरथरू लागले, अंगाला घाम सुटला आणि झटका आला. रिक्षात घालून रुग्णालयात नेले. तेथे रात्री त्यांना भिंतीवर नसलेले किडे दिसत होते. डॉक्टरांनी आम्हालाच फैलावर घेतले. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते; आधी वैद्यकीय देखरेख, मग बाकीचे. पालकहो, एवढे तरी ध्यानात ठेवा.

घरी सोडताना त्याच डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' असे नाव आणि बैठकीचा पत्ता लिहून दिला. पत्ता चर्चच्या आवारातील शाळेचा. मुमानींना शंका आली, "तिथे धर्म तर बदलायला लावत नाहीत ना?" खरे सांगतो, शंका मलाही होती. दोनदा आम्ही फाटकापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा आतल्या एका गृहस्थाने नुसते, "या, चहा घ्या," म्हटले. नाव-गाव, जात-धर्म काही विचारले नाही.

ती खुली बैठक होती, म्हणून मलाही बसू दिले; बंद बैठकीत फक्त व्यसनी माणसेच बसतात. तिसरीचा वर्ग. बाके इतकी लहान की गुडघे छातीला लागत. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता. मला वाटले होते, आता उपदेश होईल. (उपदेश करणे हा आम्हा शिक्षकांचा धंदाच.) पण तो कोणीच केला नाही. एकेक जण उठे, आपले नाव सांगे, "मी मद्यपी आहे," म्हणे आणि स्वतःचेच सांगे. मध्ये कोणी बोलत नसे. एक निवृत्त कारकून मुलीचा गल्ला फोडल्याचे सांगत होते. मामूंनी मान खाली घातली. बाहेर आल्यावर म्हणाले, "हा माझीच गोष्ट सांगत होता."

ही पद्धत सुरू झाली तीही अशीच. 1935 साली अमेरिकेत ओहायो राज्यातील अॅक्रन या गावी धंद्यात अपयश आलेला एक शेअर दलाल हॉटेलात एकटा होता. दारूची ओढ लागली तेव्हा त्याने फोन करकरून दुसरा एक मद्यपी शोधला. तो निघाला शल्यचिकित्सक. तो पंधरा मिनिटांच्या बोलीवर आला आणि तासन् तास बसला. भारतात या बैठका 1957 पासून आहेत. फी नाही, शेवटी पात्र फिरते, इच्छा असेल त्याने टाकावे. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. ईश्वराचा उल्लेख आहे, पण ज्याला तो जसा उमजला तसा. जागा चर्चची असली तरी संघटना कोणत्याही पंथाची नाही. मामू मगरिबची नमाज पढून जातात.

एका बैठकीत सारे सुधारले असे मात्र समजू नका. पाचव्या महिन्यात एका लग्नाच्या वरातीनंतर मामू पुन्हा प्यायले. लाजेने तीन आठवडे गेले नाहीत. गेले तेव्हा कोणी हिशेब मागितला नाही. खुर्ची पुढे केली. आज दोन वर्षे झाली आहेत. ते स्वतः मात्र 'आजचा दिवस' एवढेच बोलतात.

मुमानी 'अल्-अॅनॉन'ला जाऊ लागल्या. ही मद्यप्यांच्या घरच्या माणसांची संघटना, 1951 सालची. तेथे इतर बायकांचे ऐकून त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेणे बंद केले. पुन्हा प्यायल्यावर मामूंचे दोन दिवसांचे वेतन कापले गेले आणि घरात पहिल्यांदा ती गोष्ट मोठ्याने बोलली गेली.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी हे चालू असेल तर तो तुमचा गुन्हा नाही. 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. पैसे पडत नाहीत. जवळच्या बैठकीचा वार आणि वेळ कोणाला हवी असेल, तर सभा संपल्यावर मी साडेसहापर्यंत सातवीच्या वर्गात बसणार आहे. दार मागच्या बाजूचे उघडे ठेवतो.