गाठीची किंमत



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो संपावर नाहीतर बोनसवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही आपल्या गळ्यातील दागिन्यांवर बोलणार आहोत. भगिनींनी पदर सावरण्याचे कारण नाही. आम्ही वर्गणी मागायला आलेलो नाही.

मोत्यांचा सर कसा होतो, ते आधी पाहू. मोती आकाराने निवडतात. उतरता सर असेल तर सर्वांत मोठा मधोमध, आणि दोन्ही बाजूंना लहान होत जाणारे. मग ते रेशमात ओवायचे आणि चांगल्या कामात प्रत्येक मोत्यानंतर एक गाठ मारायची. गाठ कशासाठी? मोती नाजूक असतो. मोत्यावर मोती घासला की त्याचे पाणी जाते. शिवाय दोरा तुटलाच तर एखादाच मोती ओघळतो, बाकीचे जागेवर राहतात. गाठ सैल पडली तर दोरा दिसतो, फार आवळली तर सर ताठतो आणि गळ्यावर बसत नाही. शंभर मोत्यांच्या सरात अशा नव्व्याण्णव गाठी, टोकांच्या निराळ्या. पोत, मंगळसूत्र, तन्मणी गाठवणाऱ्या या कारागिराला आपण पटवेकरी म्हणतो.

साखळीचेही तसेच. सोन्याची तार जंतराच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढायची, सळईवर गुंडाळायची, कापून कड्या करायच्या, कडीत कडी अडकवायची आणि प्रत्येक सांध्याला डाक द्यायचा. फुंकणीची आच जास्त झाली तर कडी वितळते, कमी पडली तर सांधा उघडतो. साखळ्या आता यंत्रावरही होतात. मोत्याची गाठ मात्र अजून बहुतेक बोटांनीच मारली जाते.

आता या बोटांना मिळते काय? पावतीवर वजन असते, भाव असतो आणि घडणावळ असते. पुष्कळ पेढ्यांवर घडणावळ सोन्याच्या भावाच्या टक्क्यांनी लावतात. भाव चढला की ती आपोआप चढते. घरी बसून नगावर काम करणाऱ्याचा दर आपोआप चढत नाही. त्यासाठी कोणाला तरी तोंड उघडावे लागते. एकट्याने उघडले, तर दुसऱ्या दिवशी काम शेजारच्या घरी जाते.

सरकारनेही आजवर सोन्याकडे पाहिले, हाताकडे क्वचितच. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये, सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटवरचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. सोने तिजोरीत सुखरूप राहिले. शेगडी विझली ती सोनाराची. नियंत्रणाचा कायदा 1990 साली रद्द झाला. पुढे 16 जून 2021 पासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. आता डागावर सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक असतो. ग्राहकाच्या दृष्टीने ही गोष्ट चांगलीच झाली. पण डागाला ओळख मिळाली. तो घडवणाऱ्याला कोण ओळखतो?

घरात काम करणाऱ्याला कामगार कसे म्हणायचे, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. संगमनेरात आणि नगरात हजारो बायका घरी बसून विड्या वळत आल्या. 1966 च्या विडी कामगार कायद्याने घरखेपेवर काम करणाऱ्या बाईलाही कामगार मानले. पुढे तिला ओळखपत्र मिळाले, कल्याण निधी मिळाला. सगळे दुःख संपले असे नाही. पण मागायला दार झाले. जे विडीच्या बाबतीत जमले ते पोतीच्या बाबतीत का जमू नये?

नगावरच्या कामाला किमान दर ठरवण्याची सोय 1948 च्या कायद्यात होती. 2019 च्या वेतन संहितेतही आहे. म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. घड्याळ लावून पाहा, एक सर गाठवायला किती वेळ लागतो. दिवसाच्या किमान वेतनाला त्या हिशेबाने भागा आणि तो दर लेखी द्या. दोरा, मेण, दिवा यांचा खर्च वेगळा धरा. कारागिराला ओळखपत्र द्या.

आणि आपण ग्राहकांनी? लग्नसराई तोंडावर आहे. सोन्याचा कस विचारता, मोत्याचे पाणी पाहता, तसाच पेढीवर आणखी एक प्रश्न विचारा: या घडणावळीतले गाठवणाऱ्याच्या हाती किती गेले? एका ग्राहकाने विचारले तर पेढीवाले हसतील. सगळ्या गावाने विचारले तर हिशेब दाखवावा लागेल.