आपला बेंजो आणि त्यांचा बँजो

मागच्या भागात बियाणं साठवायची माहिती झाल्यावर आपण थोडा वेळ एक वाजप लावलं होतं. त्यावर दोघीतिघींनी मला एकच विचारलं, "ताई, वाजप झकास होतं, पण गाणं कधी सुरू होणार होतं?" तर सख्यांनो, ते सुरू होणारच नव्हतं. त्या बँडचं वाजप बहुतेक गाण्याशिवायच असतं. जवळजवळ सगळं वाद्यांनीच बोलायचं.

बँडचं नाव बेला फ्लेक अँड द फ्लेकटोन्स. अमेरिकेतला बँड, १९८८ साली जमला. बेला म्हटल्यावर तुम्हाला बाई वाटेल, पण तो बाप्या आहे. हंगेरीतल्या एका मोठ्या संगीतकाराचं नाव त्याला ठेवलंय. तो बँजो वाजवतो.

आता बँजो म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत गळ्यात अडकवून वाजवतात तो बेंजो नव्हे. आपल्या बेंजोला टाइपरायटरसारखी बटणं असतात आणि तारा आडव्या. त्यांच्या बँजोला डफासारखं गोल तोंड, त्यावर चामडं ताणलेलं, आणि पुढे लांब दांडी. तारा बहुधा पाच. त्यातली एक तार आखूड, तिची सुरुवातच दांडीच्या मध्यावर होते. ती अंगठ्यानं छेडायची. चाल कुठंही जावो, ती मधूनमधून तोच सूर देत राहते. आपल्याकडे तुणतुणं जे काम करतं, साधारण तेच.

या वाद्याचं मूळ अमेरिकेत नाही. पश्चिम आफ्रिकेतून माणसं पकडून, साखळ्या घालून जहाजांतून तिकडे नेली आणि गुलाम म्हणून विकली. त्यांच्या अंगावर धड कपडे नव्हते, वाद्यं कुठली असणार? पण वाद्य कसं करायचं ते डोक्यात होतं. भोपळा कोरायचा, कातडं ताणायचं, तारा बांधायच्या. त्यातून बँजो झाला. पुढे एकोणिसाव्या शतकात गोरे लोक तोंडाला काळं फासून, हाच बँजो घेऊन, काळ्या माणसांची टिंगल करणारे तमाशे करू लागले. लोक पैसे देऊन ते बघायला जायचे. आपलंच वाद्य आपल्याच टिंगलीला वापरलेलं कोण सहन करेल? हळूहळू बऱ्याच काळ्या लोकांनी बँजो खाली ठेवला. आणि शंभर वर्षांत सगळ्यांना वाटायला लागलं, की बँजो म्हणजे डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांचंच वाद्य.

त्या डोंगरी लोकांच्या संगीतातून १९४०च्या दशकात ब्लूग्रास नावाचा प्रकार निघाला. बिल मन्रो हा त्याचा कर्ता. त्याच्या बँडमध्ये अर्ल स्क्रग्ज नावाचा तरुण आला, आधी सूतगिरणीत काम केलेला. तीन बोटांनी तो इतक्या वेगात बँजो वाजवायचा की लाह्या फुटल्यासारखं वाटावं. टीव्हीवर त्याचा बँजो ऐकून न्यूयॉर्कच्या लहानग्या बेलाला वेड लागलं. पंधराव्या वर्षी आजोबांनी त्याला बँजो आणून दिला.

बेलाला ब्लूग्रास यायचंच, पण त्यावर तो थांबला नाही. त्याला जॅझ हवं होतं. जॅझ म्हणजे ठरलेली चाल धरून वाजवणाऱ्यानं तिथल्या तिथं नवं रचत जायचं, आपला गवई आलाप-ताना घेतो त्या जातीचं. आणि फंक हवं होतं, म्हणजे ठेका असा की पाय आपोआप हलावेत. या दोन्ही गोष्टी काळ्या लोकांनी घडवलेल्या. त्यासाठी त्याला जोडीदार मिळाले ते वूटन भाऊ, दोघंही काळे. पाच भावांतला धाकटा व्हिक्टर जाड तारांची बास गिटार वाजवतो. तिचं नेहमीचं काम मागं राहून ठेका धरायचं. व्हिक्टर तिच्यावर चाल वाजवतो, ठेकाही देतो, कधी दोन्ही एकदम. त्याचा मोठा भाऊ रॉय, त्याला फ्यूचर मॅन म्हणतात. त्यानं गिटारीच्या आकाराचं एक विजेचं वाद्य करवून घेतलं. गळ्यात अडकवून बोटांनी दाबलं की त्यातून ढोलताशे निघतात! चौथा हॉवर्ड लेव्ही. खिशात मावणाऱ्या बाजात मुळात जे सूर नसतात, तेही तो फुंकरीच्या जोरावर काढतो, आणि दुसऱ्या हातानं पियानो.

म्हणजे चौघांपैकी एकाचंही वाद्य आपलं नेहमीचं काम करत बसलेलं नाही. मला हा बँड आवडतो तो यासाठी.

लेव्ही पुढे बाहेर पडला. बदली माणूस न घेता १९९३ची तबकडी तिघांनीच केली आणि त्याच्या जागेचे सूर आपसात वाटून घेतले. नंतर सॅक्सोफोनवाला जेफ कॉफिन आला, बरीच वर्षं राहिला. तो गेल्यावर लेव्ही परत आला. त्याची आणि बेलाची अकरा मात्रांची एक रचना आहे, तिला २०१२ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आपण भजनात आठ मात्रांना सरावलेल्या. अकरा मोजताना माझी बोटं अजून चुकतात.

२००५ साली बेला बँजो घेऊन आफ्रिकेत गेला. युगांडा, टांझानिया, गांबिया, माली. गांबियात त्याला भोपळ्याचं, कातडं लावलेलं, तीन तारांचं अकोंटिंग दिसलं. त्यातही एक तार आखूड! पुढे आपल्या मुंबईचे झाकीर हुसेन आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांच्याबरोबरही त्यानं तबकडी केली. तिलाही २०२४ साली ग्रॅमी मिळालं.

हे सगळं आज सांगायला एक निमित्त आहे. आपल्या एका गावच्या महिला भजनी मंडळाला पखवाज घ्यायचाय. आजवर टाळ बायकांचे, पखवाजाला गडी बाहेरून. तो आला नाही की भजन नुसत्या टाळांवर, नाहीतर बंद. गटाच्या बैठकीत पैशांचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "पखवाज काय बायकांचं वाद्य आहे का?" मला विचाराल तर पखवाज घ्यावा, आणि शिकवणाऱ्याचे सहा महिन्यांचे पैसेही त्यातच धरावेत. नाहीतर पखवाज खुंटीवर आणि गडी पुन्हा बाहेरून. पुढच्या बैठकीत ठराव येईल, तेव्हा बोला.

आता तेच वाजप परत लावते. बँजो लगेच कळेल, पण पहिल्यांदा खालचा जाड आवाज धरा, तो व्हिक्टर. तो सापडला की बाकीचे आपोआप वेगळे ऐकू येतात. पोळ्या चालू असतील तर चालू द्या, फक्त मिक्सर तेवढा बंद करा.