चाक फिरते, गाडी हलत नाही

चैत्र-वैशाखाच्या उन्हाने तापलेल्या कोलकात्यावर एखाद्या संध्याकाळी वायव्येकडून काळा ढग चढून येतो, वारा सुटतो आणि टपोऱ्या थेंबांची सर कोसळते. बंगाली माणूस या वादळास कालबैशाखी म्हणतो आणि त्याची वाटही पाहतो. त्या सरीच्या पहिल्या काही मिनिटांत एस्प्लनेडच्या चौकात उभे राहिले, तर यंत्रशास्त्रातला एक धडा फुकट पाहावयास मिळतो. दिवा हिरवा होतो. शहरात आता थोड्याच उरलेल्या जुन्या पिवळ्या टॅक्सींपैकी एखादी निघण्यासाठी गुरगुरते. तिचे मागचे एक चाक ट्रामच्या ओल्या रुळावर असते. ते गरगर फिरू लागते आणि टॅक्सी मात्र जागच्या जागी. शेजारी तशीच रुळावर उभी असलेली नवी मोटार घटकाभर अडखळते, तिच्या चालकासमोर एक लहानसा पिवळा दिवा लुकलुकतो, आणि ती निमूटपणे पुढे निघून जाते. दोहोंचा रस्ता एक, पाऊस एक, रूळही एकच. मग हा भेद कशाचा?

एस्प्लनेड हा शब्द मुळात किल्ल्याच्या परिभाषेतला. तटावरील तोफांना समोर आडोसा नसावा म्हणून किल्ल्याभोवती जी मोकळी जमीन राखतात ती एस्प्लनेड. 1757 च्या प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधावयास घेतला आणि त्याच्याभोवती जे विस्तीर्ण मैदान मोकळे केले, त्याच्या कडेला हे नाव चिकटून राहिले. बंगाली माणसाच्या तोंडी मात्र ही जागा धर्मतलाच. मुंबईकरांना हा शब्द परका वाटू नये; मुंबईच्या कोटाबाहेरील मोकळ्या जागेलाही पूर्वी एस्प्लनेडच म्हणत, आणि काळा घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत पुढे एस्प्लनेड मॅन्शन म्हणूनच ओळखली गेली. कलकत्त्याची विजेवरची पहिली ट्राम 1902 च्या मार्चमध्ये याच एस्प्लनेडहून खिदिरपूरकडे गेली. मुंबईने विजेची ट्राम 1907 मध्ये आणली आणि 31 मार्च 1964 च्या रात्री तिला निरोप दिला. कोलकात्यात ती अजून आहे, आणि तिच्याबरोबर रस्त्याच्या पोटात रुतलेले लोखंडी रूळही आहेत.

मोटार रस्त्याला किती जागेत धरून असते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. बाराशे किलोग्रॅमची मोटार घेतली तर प्रत्येक चाकावर सुमारे 300 किलोग्रॅम भार येतो. टायरातील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोग्रॅमच्या आसपास धरला, तर टायर आणि रस्ता यांची गाठ पडते ती साधारण 130 चौरस सेंटिमीटरमध्ये, म्हणजे एका तळहाताएवढ्या जागेत. असे चार तळहात. गाडी पुढे काढणे, थांबवणे आणि वळवणे ही तिन्ही कामे याच चार तळहातांनी करावयाची असतात.

या चार तळहातांची पकड ही मंजूर झालेल्या अनुदानासारखी असते. एका शीर्षकाखालची रक्कम दुसऱ्या शीर्षकाखाली वळवता येते, पण एकूण रक्कम वाढत नाही. सारी पकड ब्रेक लावण्यात खर्च केली, तर वळण्यासाठी काही उरत नाही. सारी जोरात निघण्यात उधळली, तरी तेच. त्यातही एक गंमत आहे. रबराचे चाक रस्त्यावर किंचित घसरत फिरते तेव्हाच त्याची पकड सर्वांत चांगली असते; गाडीच्या वेगापेक्षा चाकाचा वेग शेकडा दहा ते वीसने अधिक, अशा बेताची ही घसरण असते. तिच्यापलीकडे गेले की पकड कमी होऊ लागते. चाक भिरभिरू लागले की गाडी पुढे जात नाही इतकेच नव्हे, तर ते चाक बाजूला सरकण्यासही विरोध करीनासे होते. मागची चाके अशी सुटली की गाडीची पाठ आडवी जाते. म्हणून भिरभिरणारे चाक म्हणजे केवळ पेट्रोलचा नि रबराचा अपव्यय नव्हे.

आता पुन्हा त्या रुळाकडे येऊ. कोरड्या डांबरावर चाक आपल्या भाराच्या शेकडा 80 इतका जोर लावू शकते असे ढोबळपणे म्हणता येते. ओल्या डांबरावर तो शेकडा 50 पर्यंत उतरतो. बऱ्याच दिवसांनी पडलेल्या पहिल्या सरीत तर रस्त्यावर साचलेले तेल, धूळ आणि झिजलेल्या रबराची भुकटी यांचा पातळ लगदा होतो. तो पुढच्या पावसाने धुऊन जाईपर्यंत रस्ता अधिकच निसरडा असतो. वाहनांच्या चाकांनी घासून गुळगुळीत झालेल्या ओल्या रुळावर हा आकडा शेकडा 15 धरला तरी पुष्कळ झाला. याचा अर्थ असा की डांबरावरील चाक 150 किलोग्रॅम वजनाइतका जोर लावण्यास समर्थ आहे, तर रुळावरील चाक अवघ्या 45 चा. दोघांची बेरीज 195 होते, आणि गाडी हलवण्यास तेवढा जोर भरपूर आहे. मग टॅक्सी का अडावी?

अडवतो तो डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकास आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, म्हणून एंजिनाची शक्ती दोन चाकांना वाटताना त्यांचे वेग निरनिराळे राहू देणारी दंतचक्रांची एक पेटी त्यांच्यामध्ये बसवलेली असते. या पेटीचा न्याय मात्र विचित्र आहे. ती वेग हवे तसे राहू देते, पण पीळ दोन्ही चाकांना सारखाच देते. रुळावरील चाक 45 पेक्षा अधिक पेलत नाही, म्हणून डांबरावरील समर्थ चाकालाही 45 च मिळतात. एकूण 90. चालक जों जों अधिक दाबतो, तों तों दुबळे चाक अधिक वेगाने फिरते आणि सबळ चाक स्वस्थ उभे राहते. उत्तरपाड्याच्या कारखान्यात 2014 पर्यंत बनलेल्या अँबॅसडरची हीच कथा होती. तिची शक्ती मागच्या चाकांना मिळे, आणि रिकाम्या गाडीत मागच्या चाकांवर भारही बेताचाच असे.

जुने चालक यावर उपाय करीत. पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळूहळू सोडीत गाडी काढणे हा त्यातला खरा शहाणपणाचा उपाय, कारण त्यात चाकापर्यंत जाणारा पीळच कमी होतो. दुसरा एक उपाय आवर्जून सांगितला जातो, तो म्हणजे हँडब्रेक थोडा ओढून धरणे. हिशेब केला तर त्यात लाभ दिसत नाही. हँडब्रेक दोन्ही चाकांना सारखाच आवळतो. दुबळे चाक अडवल्याने सबळ चाकाला जे वाढवून मिळते, ते त्याच ब्रेकने लगेच काढून घेतले जाते. फिरणारे एकच चाक धरावे आणि दुसरे मोकळे सोडावे, तरच काम होईल. पण चालकाला ब्रेकचा दांडा एक आणि चाके चार. कितीही कसलेला चालक असला तरी ही अडचण त्याच्या कौशल्याबाहेरची होती.

नव्या मोटारीतील यंत्रणा नेमके हेच करते. मुळात तिची सामग्री वेगळ्याच कामासाठी तयार झाली. जोराचा ब्रेक लागला असता चाके जखडून घसरू नयेत म्हणून प्रत्येक चाकाजवळ त्याचा वेग मोजणारे एक साधन आणि प्रत्येक ब्रेकच्या तेलनळीवर विजेने उघडझाप होणारी झडप, अशी योजना जर्मनीतील बॉश कंपनीने सिद्ध केली, आणि 1978 मध्ये ती मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत बसली. जखडणारे चाक जिला ओळखता येते, तिला भिरभिरणारे चाकही ओळखता येणारच. 1980 च्या दशकात हा दुसरा उपयोग प्रचारात आला, आणि त्याला ट्रॅक्शन कंट्रोल हे नाव मिळाले. एक चाक इतरांहून वेगाने फिरते आहे असे दिसताच यंत्रणा एंजिनाची शक्ती कमी करते, आणि चालकाने पाय न लावताही आपल्या पंपाने तेलाचा दाब उत्पन्न करून त्या एकाच चाकाचा ब्रेक आवळते. रुळावरील चाकाला ब्रेकने 105 चा विरोध केला की रूळ आणि ब्रेक मिळून 150 चा भार होतो. डिफरन्शियल आपला समन्याय सोडीत नाही, म्हणून पलीकडच्या चाकालाही 150 मिळतात, आणि तेथे त्यांना अडवणारा ब्रेक नसतो. ब्रेकमध्ये जी शक्ती जळते ती वाया जाते हे खरे, पण गाडी निघते.

येथे आगगाडीची आठवण होते. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा 37 फुटांत एक फूट अशा चढावर लोखंडी चाक लोखंडी रुळावर टिकवण्याचा प्रश्न होताच. मागून ढकलणारी जादा एंजिने हा त्याचा एक उपाय, आणि चाकापुढे रुळावर वाळू सोडणे हा दुसरा. ट्रामगाड्यांतही वाळूच्या पेट्या ठेवण्याची रीत जगभर होती. वाळूचे वैशिष्ट्य असे की ती रुळाची पकडच वाढवते. मोटारीच्या यंत्रणेजवळ अशी वाळू नाही. आहे ती पकड कोणत्या चाकावर किती खर्चावी एवढेच तिला ठरवता येते. पिवळा दिवा लुकलुकला की पुष्कळ चालकांना वाटते, आता यंत्र आपल्या मदतीला आले, काळजी नाही. वस्तुतः तो दिवा सांगत असतो की शिल्लक संपली आहे.

निघताना फिरणारे चाक हा निव्वळ खोळंबा ठरू शकतो. वेगात असता सुटलेले चाक हा जिवाचा प्रश्न होतो. म्हणून त्याच सामग्रीत आणखी दोन साधनांची भर पडली. स्टिअरिंग किती वळले आहे हे एक पाहते, आणि गाडी स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती किती वेगाने फिरते आहे हे दुसरे. चालकाची इच्छा आणि गाडीची वस्तुस्थिती या दोहोंची सेकंदाला सुमारे 25 वेळा तुलना होते. गाडीची पाठ बाहेर जाऊ लागली तर वळणाच्या बाहेरच्या अंगाचे पुढचे चाक धरले जाते. नाक वळेनासे झाले तर आतल्या अंगाचे मागचे. नावाड्याने एका अंगाचे वल्हे पाण्यात रोवून नाव वळवावी, तसाच हा प्रकार. 1995 मध्ये ही यंत्रणा मर्सिडीजच्या उंची गाडीत आली. तिला सामान्यांच्या गाडीत आणले ते एका फजितीने. 1997 च्या ऑक्टोबरमध्ये स्वीडनमधील एका मोटारविषयक नियतकालिकाने त्याच कंपनीची नवी छोटी गाडी तपासली. रस्त्यात अचानक सांबर आले असे समजून गाडी एकदा डावीकडे आणि लगेच उजवीकडे घ्यावयाची, अशी ती परीक्षा. गाडी उलटली. कंपनीने काही काळ गाड्या देणे थांबवले, सांगाड्यात सुधारणा केल्या आणि स्टॅबिलिटी कंट्रोल त्या छोट्या गाडीत सरसकट बसवले. श्रीमंतांसाठी राखून ठेवलेली वस्तू अशी लाजेकाजेस्तव खाली उतरली. पुढे अमेरिकेत 2012 च्या गाड्यांपासून आणि युरोपात 2014 पासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. भारतात 2019 च्या एप्रिलपासून सर्व नव्या मोटारींना चाक न जखडणारे ब्रेक आवश्यक झाले, आणि 2023 मध्ये सुरू झालेल्या भारत एन्‌कॅप या तपासणीत तीन किंवा अधिक तारे मिळवावयाचे तर स्टॅबिलिटी कंट्रोल असावेच लागते.

तरीही मर्यादा ती मर्यादाच. तीस मीटर त्रिज्येचे वळण ओल्या डांबरावर ताशी सुमारे 44 किलोमीटर वेगाने घेता येते. साठच्या वेगाने तेथे शिरणाऱ्या गाडीला लागणारी पकड त्या रस्त्याजवळ नाहीच. ताशी साठाला ती जवळजवळ दुप्पट लागते. यंत्रणा वेग थोडा कमी करील, गाडी सरळ ठेवील, पण वळणाच्या बाहेर जाणारी गाडी वळणाच्या बाहेरच जाईल. टायरवरील खाचा झिजून कायद्याने ठरवलेल्या 1.6 मिलिमीटरवर आल्या असतील, तर 44 चा आकडाही फार झाला. टायरला एक नि यंत्रणेला एक असा खर्चाचा विचार करणाऱ्यांनी आधी टायर घ्यावेत.

उलट काही ठिकाणी या यंत्रणेची दक्षता नडते. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात उतरलेल्या गाडीच्या टायरांच्या खाचा चिखलाने लिंपून जातात. चाक वेगाने फिरून तो चिखल झाडून टाकील तरच खालची घट्ट जमीन हाती लागण्याची आशा. तेथे यंत्रणा चाक फिरू लागताच एंजिनाचा गळा आवळते, आणि भूमीने कर्णाचे चाक गिळले तशी गाडी तेथेच बसते. अशा वेळेसाठी बहुतेक गाड्यांत ती बंद करण्याचे बटण ठेवलेले असते. पक्क्या रस्त्यावर आल्यावर ते पुन्हा दाबण्याचे विसरू नये.

एस्प्लनेडच्या रुळांचे अंतर 1435 मिलिमीटर आहे. योगायोगाने मोटारीच्या दोन चाकांतील अंतरही पुष्कळदा याच्याच आसपास असते. त्यामुळे ट्रामच्या मागोमाग अगदी नीट चालणाऱ्या मोटारीची दोन्ही अंगांची चाके एकाच वेळी रुळांवर येऊ शकतात. मग सबळ चाक नि दुबळे चाक हा भेदच उरत नाही, आणि वाटणीसाठी यंत्रणेपाशी काही राहत नाही. तेथले अनुभवी चालक रुळांना तिरपे ओलांडतात, त्यांच्यावरून लांबवर चालत नाहीत. दुचाकीस्वारांना तर रुळावर घसरण्याची भीती नेहमीचीच. 2024 च्या सप्टेंबरमध्ये राज्य शासनाने मैदान ते एस्प्लनेड एवढा एक मार्ग ठेवून बाकीची ट्रामसेवा बंद करण्याचा मनोदय जाहीर केला, आणि त्यावर शहरात मोठा वाद झाला. काही रस्त्यांवर रुळांवर डांबर घातले गेले आहे. वरचे डांबर झिजले की पहिल्या पावसात ते लोखंड पुन्हा चमकू लागते.