कंसातली माणसं



दर वर्षी 25 सप्टेंबरला उरण तालुक्यातल्या चिरनेर गावात पोलिसांची तुकडी येते, हुतात्मा स्तंभासमोर उभी राहते आणि हवेत बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देते. 1930 साली याच तारखेला, याच गावाच्या जंगलात, पोलिसांच्याच बंदुका चालल्या होत्या. तेव्हा त्यांची तोंडं माणसांकडे होती.

त्या वर्षी एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. पावसाळा लागला, मिठागरं बंद झाली आणि कायदेभंगाची चळवळ जंगलाकडे वळली. जुलैमध्ये पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून वऱ्हाडात सुरुवात केली. सप्टेंबरमध्ये चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी कोयते घेऊन चढले. ज्या रानातून पिढ्यान्‌पिढ्या सरपण, रानभाजी आणि गुरांचा चारा आणला, त्या रानात पाऊल टाकायला परवाना लागावा, हे त्यांना मान्य नव्हतं. गोळीबार झाला. आठ सत्याग्रही गेले. सरकारी बाजूचे मामलेदार जोशी हेही त्या दिवशी प्राणास मुकले.

चिरनेरचे नाग्या महादू कातकरी आणि धाकू गवत्या फोफेरकर, दिघोड्याचे आलू बेमट्या म्हात्रे, धाकट्या जुईचे आनंदा माया पाटील, मोठ्या जुईचे रामा बामा कोळी, पाणदिव्याचे परशुराम रामा पाटील... ही नावं आमच्या भागातल्या शाळांत मुलांना पाठ असतात. माझ्या मनात मात्र दर सप्टेंबरला एकच प्रश्न येतो. 25 तारखेच्या दुपारी काय झालं ते आपल्याला माहीत आहे, पण 24 तारखेच्या दुपारी ही माणसं काय करत होती? कुणाच्या भाताला दाणा भरत होता? घरात कोण आजारी होतं? आपल्या पूर्वजांचं मरण आपण जिवापाड जपतो आणि त्यांचं जगणं हातातून निसटू देतो. आज मला याविषयीच बोलायचं आहे, कारण नवी मुंबईत ते फार वेगानं निसटतं आहे.

मी या शहराच्या पोटात गेलेल्या एका गावातला. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. 1970 साली सिडको स्थापन झाली, संपादन सुरू झालं आणि ज्या खारीत भात पिकत होतं तिथे सेक्टर आले. आमच्या घरात पणजोबांच्या नावाने भादव्यात म्हाळ घालतात. कौलांवर ठेवायचा घास आता गच्चीवर ठेवतात, पण चुकवत नाहीत. त्या पणजोबांविषयी मला लहानपणापासून एकच वाक्य ठाऊक होतं. आजीची थोरली बहीण ते सांगायची : “भरतीचं पानी शेतान शिरलं, तवा त्यो रातभर पान्यान उभा व्हता.” बांधाला खांड पडली होती. अंगावरची गोधडीसुद्धा भोकात कोंबून माणसं पाणी अडवत होती. नंतर त्यांना ताप भरला आणि त्यातच ते गेले.

पुढे मी कागद शोधायला निघालो. जुन्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव मिळालं, कंसात. माणूस वारला आणि वारसांची नोंद झाली की तलाठी जुन्या नावाभोवती कंस करतो आणि खाली मुलांची नावं लिहितो. त्या एका उताऱ्यावर आमच्या दोन पिढ्या अशा कंसात उभ्या होत्या. फेरफाराच्या नोंदवहीत ‘मयत, वारस मुलगे’ एवढंच होतं. तहसील कचेरीत गाव नमुना 14, म्हणजे आपल्याकडे ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्ममृत्यूची वही, तिच्यात कारणाच्या रकान्यात एकच शब्द : ताप. कारकुनाने काही चुकीचं लिहिलं नव्हतं. पण बांध, खांड, ती रात्र, यातलं काहीच त्या रकान्यात मावणारं नव्हतं.

मग मी मावशीआजीला वेगळं विचारायला लागलो. मरणाचं नको, जेवायला काय आवडायचं ते सांग. ती आधी गप्प बसली, कारण आजवर तिला कुणी हे विचारलंच नव्हतं. मग बोलायला लागली, ते थांबेना. त्यांना निवट्यांचं कालवण लागायचं आणि तांदळाची भाकरी करपलेली लागायची. तिथीवरून भरतीची वेळ ते बोटांवर मोजून सांगायचे, अष्टमीला भांग आणि पुनवेला उधाण, आणि त्यांची वेळ कधी चुकत नसे. पनवेलच्या बाजारात खाडीतून होडीने जायचे आणि येताना बायकोसाठी बांगड्या आणायचे, पण स्वतः द्यायला लाजायचे, लेकीच्या हाती पाठवायचे. उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, झडपा कधी खोलायच्या यावरून शेजारच्या शेतकऱ्याशी त्यांचं वर्षानुवर्षं भांडण होतं, आणि त्या रात्री खांडीत त्यांच्या शेजारी खांद्याला खांदा लावून तोच शेजारी उभा होता. हे ऐकल्यावर पणजोबा मला पहिल्यांदा माणूस म्हणून दिसले. तोवर ते फक्त एक तिथी होते.

आमच्याकडे निदान सातबारा होता, कंस तरी होता. नाग्या कातकऱ्यांच्या समाजाचं काय? कातकऱ्यांपैकी बहुतेकांच्या नावावर जमीन नव्हतीच. खैराच्या लाकडाचा कात काढणं, कोळशाच्या भट्ट्या लावणं, मध गोळा करणं, खाडीत चिंबोऱ्या धरणं आणि दुसऱ्याच्या शेतात मजुरी करणं, यावर त्यांचं पोट होतं. इंग्रजांनी 1878 च्या आणि पुढे 1927 च्या वन कायद्याने राखीव जंगलं आखली, तेव्हा शेतकऱ्याची अडचण झाली, पण कातकऱ्याच्या तर तोंडचा घासच गेला. आणि ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचा फेरफार होत नाही. तलाठ्याच्या दप्तरात अशा माणसाच्या आयुष्याला जागाच नसते. म्हणून चिरनेरच्या स्तंभावरचं नाग्यांचं नाव मला इतकं मोलाचं वाटतं. ज्या समाजाला आजही वीटभट्ट्यांवर सहा-सहा महिने घर सोडून जावं लागतं, त्यातल्या एका माणसाचं नाव तरी दगडावर कोरलं गेलं. बाकीच्यांचं जगणं त्यांच्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. ते उतरवून घ्यायला आपण जात नाही, ही मला आपल्या सगळ्यांची मोठी हयगय वाटते.

चिरनेर जुनं झालं, असं कुणी म्हणेल. मग 1984 घ्या. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झालं आणि 16 व 17 जानेवारीला पोलिसांनी गोळ्या चालवल्या. चिर्ल्याचे नामदेव शंकर घरत आणि धुतुमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर, तसेच पागोट्याचे कमळाकर कृष्णा तांडेल, महादेव हिरा पाटील आणि केशव महादेव पाटील असे पाच जण गेले. त्या लढ्यातूनच पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. आज नवी मुंबईतल्या कितीतरी इमारती त्या भूखंडांवर उभ्या आहेत आणि तिथे भाड्याने राहणाऱ्यांना या पाच नावांपैकी एकही माहीत नसतं. 2024 साली सुरू झालेला अटल सेतू समुद्र ओलांडून ज्या चिर्ल्यापाशी जमिनीवर येतो, ते नामदेव घरतांचं गाव. हजारो गाड्या तिथून रोज जातात.

पण 1984 च्या बाबतीत आपल्याकडे एक गोष्ट आहे, जी चिरनेरच्या बाबतीत आता उरलेली नाही. त्या पाच जणांबरोबर शेतात राबलेली, त्यांच्या लग्नात जेवलेली, त्यांच्याशी भांडलेली माणसं आज साठी-सत्तरीत आहेत, आपल्यात आहेत. स्मृतिदिनाला त्यांना व्यासपीठावर बसवतो, शाल देतो आणि भाषणं मात्र पुढाऱ्यांची ऐकतो. त्यांच्यासमोर एकदा फोनचं रेकॉर्डिंग चालू करून बसलं पाहिजे. गोळीबाराचं ते हजार वेळा बोलले आहेत. त्यांना विचारायचं, हा माणूस हसायचा कसा? नांगर कुणाकडून मागून आणायचा? मुलीचं नाव काय ठेवायचं म्हणत होता?

घरच्या पूर्वजांसाठीही हाच रस्ता. तहसीलदार कचेरीत अर्ज केला तर जुने फेरफार आणि कोतवाल बुकातल्या नोंदींच्या नकला मिळतात. जुन्या जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर पाहायला मिळालं तर पूर्वज शाळेत कधी आले आणि कधी सोडून गेले ते कळतं, आणि सोडण्याच्या कारणातून अख्खं घर दिसतं. पण कागदाआधी माणसाकडे जा. आत्या, मावशी, चुलतआजी, ज्यांना लग्नानंतर दुसऱ्या गावी जावं लागलं त्यांच्याकडे तर नक्की जा. माहेर त्यांनी मनात जसंच्या तसं ठेवलेलं असतं. शक्य असेल तर सकाळी जा, दुपारच्या जेवणापर्यंत थांबा, आणि त्यांच्या बोलीत जे सांगतील ते तसंच लिहून घ्या, शाळेच्या मराठीत सुधारू नका.

येत्या 25 सप्टेंबरला मी चिरनेरला जाणार आहे. मानवंदना झाल्यावर स्तंभापासून निघून जवळच्या कातकरवाडीत जायचं ठरवलं आहे, कुणी बोलायला तयार असेल तर. वही बरोबर असेल. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर जरूर या.