जुन्या जीपचे स्टिअरिंग : दोष कोठे शोधावा?

(सरोजिनी नगर, नवी दिल्ली येथे माजी विद्यार्थी व पालकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



सरोजिनी नगर ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आणि सरकारी खात्यांचे एके काळचे विश्वासू वाहन म्हणजे जीप. 1945 साली स्थापन झालेल्या महिंद्र उद्योगाने 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी आरंभिली. मागे हौदा असलेल्या जीप-पिकअपही पुढे रस्त्यावर आल्या. अशी गाडी जतन करणाऱ्याला स्टिअरिंगच्या दोन तक्रारी वारंवार भेडसावतात : ते डगडगते किंवा जड होते.

दोष हाताला जाणवतो, म्हणून तो हाताजवळच असेल, हा समज घातक आहे. जुन्या विलिस रचनेत स्टिअरिंगच्या दांड्याखाली पेटी असते. तिच्यापासून आडव्या दांड्याने गती मधल्या बेलक्रँककडे व तेथून टाय रॉडद्वारे चाकांकडे जाते. यांतील प्रत्येक सांध्याची थोडी झीज एकत्र येऊन मोठी डगडग होते. म्हणून टायरमधील हवा, टाय रॉडची टोके, बेलक्रँकचे बुश आणि किंगपिनचे बेअरिंग यांची तपासणी आधी व्हावी; पेटी शेवटी.

स्टिअरिंग जड असेल, तर पेटीपासून आडवा दांडा सोडवावा. आता ते हलके फिरले, तर दोष खाली आहे. तरीही जड राहिले, तर डॅशबोर्डखालची पकड सैल करावी. लगेच हलके झाले, तर दांडा वाकडा बसवलेला आहे, असे जाणावे. त्यानेही फरक पडला नाही, तर पेटीतील तेल पाहावे. पेटीचा स्क्रू चाके सरळ ठेवूनच जुळवावा, कारण पेटी मध्यभागी मुद्दामच घट्ट बनवलेली असते. वळलेल्या स्थितीत तो आवळला, तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग अडते.

काम संपल्यावर प्रत्येक सांध्यात नवी स्प्लिट पिन घालावी. ती निसटून सांधा सुटला, तर स्टिअरिंग हाती राहते आणि गाडी भलतीकडे जाते. तेथे प्रश्न प्राणांचा असतो.

प्रगतिपुस्तकातील घसरलेला आकडाही असाच हाताला जाणवणारा दोष आहे. तो पाहताच स्क्रू आवळण्याची घाई होते. मुलाची दृष्टी, झोप, भीती, घरातील ताण हे खालचे सांधे आधी तपासले, तर पुष्कळदा पेटी उघडावीच लागत नाही.