अब्बांची पेटी, भाचीची पदविका

मला कुठं बोलावलं की लोक कवितेवर बोला म्हणतात. आज मात्र मी जनावरांच्या शिक्षणावर बोलणार आहे. म्हणजे जनावरांना शिकवण्यावर नाही. जनावरांची निगा कशी राखायची हे माणसाला शिकावं लागतं, त्या शिक्षणावर.

माझे अब्बा नालबंद होते. आमच्या पोंभुर्ण्याचा सगळा मुलूख धानाचा. पावसाळ्यात बांध्यांमधला चिखल तुडवून बैलांची खुरं नरम पडायची. पुढं धान निघालं, बंड्या बाजाराच्या वाटेला लागल्या, की तीच खुरं खडीच्या आणि डांबराच्या रस्त्यावर झिजायची. बैल लंगडू लागला की अब्बांना बोलावणं यायचं. घोड्याच्या पायाला एक नाल पुरते. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, चार पायांना आठ. दोरानं बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचे, वाढलेला खूर सुरीनं तासायचा, पत्री बसवायची आणि खिळा खुराच्या बाहेरच्या अंगानं निघेल असा ठोकायचा. खिळा आत वळला तर जिवंत भागाला लागतो आणि चांगला बैल महिनाभर बसून राहतो. अब्बांचा खिळा आत गेलेला मी कधी पाहिला नाही. बैल पाडला की त्याच्या डोक्याखाली ते आधी पोतं सरकवायचे. दोराचं टोक धरायचं काम माझ्याकडं असे.

आता एक कबुली देतो. मला या कामाची लाज वाटायची. अंगाला शेणाचा वास, हाताला दोराचे वळ. शाळेत कुणी विचारलं की मी 'वडील लोखंडाचं काम करतात' एवढंच सांगायचो. चंद्रपूरला जाऊन बी.ए. केलं ते या वासापासून दूर जाण्यासाठीच, असं आज म्हणायला हरकत नाही. पुढं कवितेत बैल पुष्कळ आले. त्यांच्या पायातल्या पत्र्या मात्र आल्या नाहीत. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या, अब्बांची पेटी खुंटीला लागली. मग अब्बाही गेले. त्यांना काय काय येत होतं, ते मी कधी विचारलं नाही.

काही वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीचा फोन आला. "भाईजान, पोरीला समजवा. दहावी झाली, मार्क चांगले आहेत, आणि म्हणते ढोरांच्या दवाखान्याचं शिकते. शेण काढायला शिकवण्यासाठी फी भरायची का आम्ही?" मी समजवायला गेलो आणि भाचीकडून समजून घेऊन परत आलो.

तिला करायची होती पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसायाची पदविका. आपल्याकडं पशुवैद्यकाचं शिक्षण जुनं आहे. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं, नागपूरचं १९५८ सालचं. २००० साली नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं. याच विद्यापीठाच्या कक्षेत तेव्हा दहावीनंतरची ही पदविका येत असे. ती घेतली की माणूस डॉक्टर होत नाही, आणि हे स्पष्ट समजून घेतलं पाहिजे. भारतीय पशुवैद्यक परिषदेचा १९८४ चा कायदा सांगतो की जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा. पदविकाधारकाला राज्य सरकार ठरवून देईल त्या किरकोळ सेवा करता येतात, त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. मला आधी यात कमीपणा वाटला. भाची म्हणाली, "मामू, मर्यादा कुठं आहे तेच तर शिकायचं असतं."

तिच्या बोलण्यातलं खरेपण समजण्यासाठी गिधाडांची गोष्ट सांगतो. आमच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की आभाळातून गिधाडं उतरायची. पुढं ती दिसेनाशी झाली. डायक्लोफेनॅक नावाचं वेदनाशामक औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवून दिलं. २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर आपल्या देशात बंदी आली, मेलॉक्सिकॅमसारखा पर्याय पुढं आला. पण तोवर बहुतेक गिधाडं गेली होती. सुई टोचणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. लंगडणाऱ्या बैलाला आराम पडावा, एवढंच त्याला वाटत होतं. दया असली तरी माहिती लागते, ती अशी.

दुसरी गोष्ट याच्या उलट, आनंदाची आहे. आमचे आजोबा 'बुळकांडी' हा शब्द हळू आवाजात उच्चारायचे. ताप, तोंडात फोड, हगवण, आणि पाहता पाहता गोठा रिकामा. शेतकऱ्याचा बैल गेला म्हणजे त्याचं पुढचं वर्ष गेलं. या रोगाविरुद्ध १९५४ साली देशव्यापी लसीकरण मोहीम सुरू झाली. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली जगातूनच हा रोग गेल्याचं जाहीर झालं. माणसांची देवी आणि जनावरांची बुळकांडी, असे दोनच रोग माणसानं पृथ्वीवरून आजवर पुसले आहेत. लस प्रयोगशाळेत तयार झाली हे खरं. पण बर्फाच्या डब्यातून ती पांदणीपांदणीनं गोठ्यापर्यंत नेणारी माणसं बहुतेक दुय्यम फळीतली होती. त्यांचे पुतळे नाहीत. भाचीला ज्या फळीत जायचं होतं, ती ही.

तर भाची शिकायला गेली. सुट्टीत आली की ती सांगायची आणि मी ऐकायचो. गाय गाभण राहिल्यापासून साधारण २८० दिवस, म्हैस ३१०, शेळी १५०. गाय आजारी आहे का हे पाहायचं तर थर्मामीटर गुदद्वारात लावायचा. १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट म्हणजे ठीक, आपल्यासारखे ९८ नव्हे. रवंथ थांबला की समजायचं, काहीतरी बिघडलं. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस. २०१९ पासून लाळ्या-खुरकुताच्या राष्ट्रीय मोहिमेत जनावराच्या कानाला बारा आकडी बिल्ला लागतो, त्यावर त्याची नोंद. खरारा करायचा तो बैल चमकावा म्हणून नव्हे, तर हात फिरवताना गोचीड, गाठ, जखम हाताला लागावी म्हणून. २०२२ साली लम्पीची साथ आली, तेव्हा अंगावरच्या गाठी सर्वांत आधी दिसल्या त्या रोज हात फिरवणाऱ्यांनाच.

एकदा तिनं वहीत आकृती काढून दाखवली. लांब दोर, एक फास मानेच्या बुडाशी, एक वेढा पुढच्या पायांमागून, एक कमरेपुढून, आणि मागं सरळ ओढ. बैल न आपटता हळूच बसतो. "मामू, याला रुफची पद्धत म्हणतात." मी वही हातात घेऊन बसून राहिलो. श्रोतेहो, तो माझ्या अब्बांचा दोर होता. त्यांनी रुफचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण त्याच दोराचं टोक मी वर्षानुवर्षं धरलेलं होतं.

मग तिनं विचारलं, "नानांना कसं कळायचं, खूर कुठवर तासायचा ते?" मला सांगता आलं नाही. ते अंगठा दाबून पाहायचे एवढं आठवतं. अंगठ्याला काय कळायचं, ते त्यांच्याबरोबर गेलं.

मी अब्बांची पेटी खाली काढली. सुरी हातात घेऊन ती म्हणाली, "पोलाद किती छान आहे! नाना एका बैलानंतर ही धुवायचे का?" नाही. धुवायचे नाहीत. खुरकुताच्या साथीतही तीच सुरी, तोच दोर एका गावातून दुसऱ्या गावात जायचा. म्हणजे ज्या हातांनी बैल बरे केले, त्याच हातांनी रोगही नेला असेल. बापाबद्दल हे बोलणं सोपं नाही. पण ते सांगितलं नाही, तर शाळा कशासाठी असते हेही सांगता येणार नाही.

आज शिक्षणाचे मार्ग वाढले आहेत. 'उमेद' अभियानातल्या पशुसखी गावात शेळ्यांच्या जंतनाशकाचं, लसीचं पाहतात. १९६२ क्रमांकावर फोन केला की फिरता दवाखाना मिळण्याची सोय झाली आहे. मुंबई-पुण्यात कुत्र्यांचे केस कापण्याची दुकानं आहेत, आणि इंग्लंडात शाळेनंतर स्थानिक महाविद्यालयात मुलं हेच रीतसर शिकतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. खरारा तोच, जनावर वेगळं.

एक काळजी मात्र मनात आहे. गोवंश हत्याबंदीचा कायदा २०१५ साली कडक झाला. तेव्हापासून आमच्यासारख्या नावाच्या माणसाच्या हातात कासरा दिसला की वाटेत अनोळखी नजरा थांबतात. अब्बांच्या हाती कासरा देऊन शेतकरी बिनघोर पानठेल्यावर जायचा. पोरगी बॅग घेऊन गावोगाव फिरेल तेव्हा काय, हे तिच्या आईच्या मनात होतं. शेणाचं निमित्त होतं. बहिणीनं ते मला फार उशिरा सांगितलं.

मागच्या पोळ्याला भाची आमच्याकडं होती. बैलांची खांदशेकणी झालेली, तोरणाखाली झडत्या चाललेल्या. एक म्हातारा शेतकरी आपला लंगडा बैल घेऊन बाजूला उभा होता. तिनं पाय उचलून पाहिला. खुराच्या बेचक्यात खडा रुतला होता. काढला, जंतुनाशकाच्या पाण्यानं धुतलं, आणि सांगितलं, "बाबा, दोन दिवसांत सूज आली तर डॉक्टरांना बोलवा, घरी काही टोचू नका."

म्हाताऱ्यानं मला विचारलं, "कोनाची पोरगी होय जी?"

मी नाव सांगितलं. त्यानं तिच्याकडं पुन्हा पाहिलं. "म्हंजे नालबंदाची नात," म्हणाला, आणि बोजारा म्हणून दहाची नोट तिच्या हातावर ठेवली.

तिनं ती नोट अब्बांच्या पेटीत ठेवली आहे. सुरी मात्र ती घेऊन गेली. धुऊन वापरते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)